काकूंची तक्रार आणि संगीताच्या साइट्सची यादी

बी ३०२ : नमस्कार. काल रात्री ‘सर्व वाद्यांचे नोटेशन मोफत’ म्हणून जी लिंक आपल्या सोसायटीच्या या ग्रुपवर टाकण्यात आली, ती माझ्या मुलीने उघडली. तिला व्हायोलिनच्या धड्याचे एकच पान हवे होते. आधी नाव विचारले, मग फोन नंबर, आणि शेवटी ‘सात दिवस मोफत’ या मोठ्या अक्षरांखाली कार्डाचा तपशील मागितला. तिने मला हाक मारली म्हणून निभावले. लिंक पाठवणाऱ्यांनी ती स्वतः उघडून पाहिली होती का, एवढेच मला विचारायचे आहे.

ए १०४ : काकू, लिंक मी टाकली होती हे सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे आडून बोलण्याची गरज नव्हती. इथे एवढी मुले वाद्य शिकतात म्हणून चांगल्या हेतूने पुढे पाठवली. आपल्याला त्रास झाला याबद्दल मी दिलगीर आहे.

सी ४०१ : तपासलेल्या साइट्सची एकच यादी करून ती ग्रुपवर पिन करावी, ही विनंती मी मागेही केली होती. ती पुन्हा करतो.

डी २०३ : काकू, जुन्या पाश्चात्त्य रचनांचे नोटेशन हवे असेल तर मी माझ्या विद्यार्थ्यांना आयएमएसएलपी सुचवते. २००६ साली एका विद्यार्थ्याने सुरू केलेला हा संग्रह स्वयंसेवकांनी पाने स्कॅन करून करून वाढवला आहे. २००७ मध्ये एका प्रकाशन संस्थेच्या नोटिशीमुळे तो बंद पडला होता आणि २००८ मध्ये पुन्हा सुरू झाला. सदस्य नसलेल्यांना फाइल उतरवण्यापूर्वी काही सेकंद थांबावे लागते. तेवढा वेळ थांबावे, घाईने बाजूच्या जाहिरातीवर बोट ठेवू नये. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. संगीतकार बेटहोव्हेन १८२७ साली वारला, त्यामुळे हक्कांची मुदत संपून त्याची रचना सर्वांची झाली. पण एखाद्या संपादकाने अलीकडे तयार केलेल्या आवृत्तीवर किंवा नव्या ध्वनिमुद्रणावर स्वतंत्र हक्क असू शकतात, आणि प्रत्येक देशाची मुदत वेगळी असते.

बी ३०२ : ताई, मनापासून आभार. म्यूझस्कोअर वापरावे असे तिच्या वर्गात सांगितले आहे, पण तिथेही पैसे मागतात असे ऐकले.

डी २०३ : तिथे दोन गोष्टींची गल्लत होते. नोटेशन लिहिण्याचे सॉफ्टवेअर म्यूझस्कोअर डॉट ऑर्ग वर मिळते आणि ते पूर्णपणे मोफत आहे. म्यूझस्कोअर डॉट कॉम ही लोकांनी लिहिलेले नोटेशन एकमेकांना देण्याची वेगळी साइट असून तिथे सशुल्क सदस्यत्व आहे. सॉफ्टवेअर हवे असेल तर पत्त्याचा शेवट पाहूनच पुढे जावे.

ए १०४ : हक्कांचा विषय निघालाच आहे, तर गेल्या वर्षीच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ कोणी तयार केला होता आणि त्याचा आवाज का बंद झाला, हेही समितीने एकदा सांगावे. चूक फक्त माझ्याकडून होते असे चित्र नको.

बी ५०२ : साहेब, तो व्हिडिओ मी केला होता. एका प्रसिद्ध गाण्याचा तुकडा मागे लावला, तो साइटने ओळखला आणि पूर्ण व्हिडिओ मुका केला. मुलांचे बोलणेही त्यात गेले, याचे मला आजही वाईट वाटते. यंदा पार्श्वध्वनी फ्रीसाउंडवरून घेतले आहेत. बार्सिलोनातील पोम्पेउ फाब्रा विद्यापीठात २००५ साली सुरू झालेला हा ध्वनिसंग्रह आहे. प्रत्येक ध्वनीखाली क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना लिहिलेला असतो: ‘सीसी झिरो’ असेल तर कोणतीही अट नाही, ‘ॲट्रिब्युशन’ असेल तर निर्मात्याचे नाव द्यावेच लागते, आणि ‘नॉन-कमर्शियल’ असेल तर व्यावसायिक कामाला तो चालत नाही. मी पावसाचा एक आवाज निवडला आहे. त्याच्या निर्मात्याचे नाव शेवटच्या पाटीवर येईल.

सी ४०१ : ही सर्व माहिती उद्या वर सरकून जाईल. यादी पिन करावी.

बी २०१ : माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर बासरीची एकच ओळ रोज तासभर चालते, तीही प्रत्येक वेळी अर्ध्यावर तुटते. मुलाच्या मेहनतीचे मला कौतुकच आहे, पण यावर काही उपाय आहे का?

बी ३०१ : काका, माझ्या मुलाच्या वतीने क्षमा मागते. मूळ ध्वनिमुद्रणाची लय त्याला झेपत नाही, म्हणून तो तिथे अडतो.

बी ५०२ : वहिनी, संगणकावर ऑडॅसिटी घ्या. हे मोफत सॉफ्टवेअर आहे. ध्वनिमुद्रण उघडून तेवढी ओळ निवडा आणि ‘चेंज टेम्पो’ वापरून लय सत्तर टक्क्यांवर आणा. लय उतरते, पट्टी तीच राहते. शेजारचे ‘चेंज स्पीड’ वापरू नका. त्यात लयीबरोबर स्वरही खाली येतो आणि मुलाची बासरी जुळणार नाही. ती ओळ आवर्तनासारखी फिरत ठेवून हेडफोनवर ऐकू द्या आणि ती डोक्यात बसल्यावरच बासरी हातात घेऊ द्या. काकांनाही तेवढा वेळ शांतता मिळेल.

डी २०३ : कान तयार करण्यासाठी म्युझिकथिअरी डॉट नेट वरचे सराव उपयोगी आहेत. दोन स्वरांतले अंतर ओळखण्याचा सराव दहा मिनिटे रोज केला तरी फरक जाणवतो.

ए ००२ : सर्वांना नमस्कार. मी फक्त ऐकणारा आहे, वाजवणारा नाही. माझ्याकडे एकाच मुखपृष्ठाच्या दोन लाँग प्ले तबकड्या आहेत आणि दोन्हींचा आवाज वेगळा लागतो. घरचे म्हणतात, वयामुळे भास होतो. याची शहानिशा होऊ शकेल अशी एखादी जागा आहे का?

बी ५०२ : आजोबा, तो भास असेलच असे नाही. डिस्कॉग्ज नावाची सूची २००० सालापासून चालू आहे आणि लोकच ती भरतात. तिच्यात एकाच अल्बमच्या निरनिराळ्या छपायांची, म्हणजे तबकड्या काढल्याच्या खेपांची, स्वतंत्र नोंद असते. तबकडी दिव्याखाली तिरपी धरा. शेवटचे गाणे संपल्यावर लेबलपर्यंत जो गुळगुळीत पट्टा उरतो, त्यावर बारीक अक्षरांत काही आकडे कोरलेले किंवा ठसवलेले असतात. दोन्ही तबकड्यांवरचे आकडे वेगळे निघाले, तर त्या बहुधा वेगळ्या छपाईच्या आहेत. आणि नातवाने तुम्हाला भरून दिलेल्या पेनड्राइव्हमध्ये गाण्यांची नावे चुकली असतील, तर म्युझिकब्रेन्झ या गाण्यांच्या माहितीसंग्रहाचे पिकार्ड हे सॉफ्टवेअर वापरता येईल. ते आवाजाच्या ठशावरून गाणे ओळखण्याचा प्रयत्न करते आणि फाइलला योग्य नाव देते.

ए १०४ : ही माहिती खरोखर उपयोगाची आहे. कालची लिंक मी काढून टाकली आहे. काकू, मुलीने कार्डाचा क्रमांक भरला नव्हता ना?

बी ३०२ : नाही, भरला नव्हता. लिंक काढल्याबद्दल आभार.

सी ४०१ : सचिव महोदय, यादी पिन करावी, ही माझी चौथी विनंती आहे.

सचिव : यादी पिन केली आहे. आयएमएसएलपी, म्यूझस्कोअर डॉट ऑर्ग, फ्रीसाउंड, ऑडॅसिटी, म्युझिकथिअरी डॉट नेट, डिस्कॉग्ज आणि म्युझिकब्रेन्झ, प्रत्येकापुढे ते कशासाठी वापरायचे हे लिहिले आहे. यापुढे नवे नाव सुचवणाऱ्याने स्वतः वापरून पाहिल्याचे सोबत लिहावे.

ए ००२ : आकडे दिसले. एका तबकडीवरचा क्रमांक एकने संपतो, दुसरीवरचा तीनने. सूचीत पहिलीची नोंद सापडली, दुसरीची सापडत नाही.

बी ५०२ : मग ती नोंद आपण करू, आजोबा. मुखपृष्ठ, लेबल आणि तो पट्टा, तिन्हींची छायाचित्रे लागतील. मी संध्याकाळी येतो, तुम्ही दिवा धरा.