मदत हवी आहे: शालेय समुपदेशकाने गावाबरोबर काम करायला कुठे शिकावं?

नमस्कार मंडळी,

मी मराठवाड्यातल्या ऊसतोड पट्ट्यात एका माध्यमिक शाळेत समुपदेशक आहे. मानसशास्त्रात एम.ए. केलं, मग समुपदेशनाची पदविका. समोर बसलेल्या एका मुलाशी कसं बोलावं, त्याचं कसं ऐकावं हे मला नीट शिकवलं गेलं. पण आमच्या मुलांचे बरेचसे प्रश्न समुपदेशनाच्या खोलीत सुटतच नाहीत. ते आजी, ऊसतोड टोळ्या नेणारे मुकादम, ग्रामसेवक, अंगणवाडीताई आणि वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या मावशींपाशी सुटतात. या माणसांना बरोबर घेऊन काम कसं करायचं, हे शिकवणारं कुणी आहे का? मला तेच शोधायचंय.

दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. आईवडील पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्यांकडे जातात, ते पाडव्याच्या आगेमागे परततात. काही मुलं बरोबर जातात, काही मागे राहतात. मागे राहिलेली आजीआजोबांकडे नाहीतर हंगामी वसतिगृहात असतात. नववीतली मुलगी पहिल्याच तासाला पेंगते तेव्हा पहाटे उठून तिने धाकट्यांचं सगळं आवरलेलं असतं. इथे अभ्यासाच्या वेळापत्रकाचा सल्ला देऊन काय होणार?

आणि सगळ्यात अवघड विषय लग्नाचा. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकट्याचा अर्धा. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते, म्हणून लग्नाची घाई. शिवाय सहा महिने वयात आलेली मुलगी गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची, ही भीती खरी असते. मी या आईबापांना दोष देऊ शकत नाही. पण एखादी मुलगी हळूच येऊन सांगते, "मॅडम, माझी सुपारी फुटलीय, कुणाला सांगू नका," तेव्हा माझ्या शिक्षणातलं गोपनीयतेचं प्रकरण अपुरं पडतं. आपल्या राज्यात ग्रामीण भागात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी. त्यांच्या कानावर घातलं तर संध्याकाळपर्यंत गावभर होतं, आणि तिची शाळा दुसऱ्याच दिवशी सुटू शकते. नाही घातलं तर लग्न होऊन जातं. लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर 2012 च्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे कळवणं बंधनकारकच आहे, तिथे संभ्रम नाही. संभ्रम आहे तो त्या मर्यादेच्या अलीकडच्या सगळ्या प्रसंगांत. कुणाला, किती आणि कोणत्या क्रमाने सांगायचं?

आम्हाला जी प्रशिक्षणं मिळतात ती एका दिवसाची, पडद्यावर सरकणाऱ्या मजकुराची, आणि विषय ठरलेले: परीक्षेचा ताण, मोबाइलचं व्यसन, दहावीनंतर काय. ते विषयही गरजेचे आहेत, पण मुकादमाशी बोलायचं कसं हे तिथे कुणी शिकवत नाही. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांत किमान एक पात्र समुपदेशक असावा आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण मिळावं, अशा मार्गदर्शक सूचना दिल्या. मला त्याचा फार आनंद झाला. आता प्रशिक्षणं वाढतील. तर मग त्यांत काय असावं, हे आपण प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनीच सांगायला हवं ना?

तर सांगा: गावपातळीवर काम करायला शिकवणारा एखादा चांगला अभ्यासक्रम माहीत आहे का? नोकरी सांभाळून करता येईल असा? आणि ओळख उघड न करता अवघड प्रसंगांवर चर्चा करता येईल असा समुपदेशकांचा गट कुठे चालतो का? आमच्या तालुक्यात या कामात मी एकटीच आहे.

प्रतिसाद

ताई, मी बालसंरक्षणाच्या कामात बरीच वर्षं काढली, म्हणून लिहितो.

अभ्यासक्रमाचं आधी. एनसीईआरटीची मार्गदर्शन व समुपदेशनाची पदविका एक वर्षाची आहे: सहा महिने दूरस्थ, तीन महिने प्रत्यक्ष वर्ग, तीन महिने कार्यानुभव. महाराष्ट्रासाठी भोपाळची प्रादेशिक शिक्षण संस्था. पाया पक्का होईल, पण तीन महिन्यांची रजा मिळवावी लागेल. आणि तुम्हाला जे हवंय ते बहुतेक माणसांकडूनच शिकावं लागेल.

गोपनीयतेची मर्यादा मुलीला पहिल्याच भेटीत सांगा, ती काही बोलण्याच्या आधी. "तुझ्या जिवाला धोका असेल तर मला सांगावं लागेल, पण कुणाला सांगायचं हे आपण दोघी मिळून ठरवू." नंतर सांगितलं की मुलीला फसवल्यासारखं वाटतं. ग्रामसेवकाकडे जाणं हा एकच रस्ता नाही. बाल कल्याण समिती आहे, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहे, मुलांसाठीची 1098 ही मदतवाहिनी आहे. 2006 च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याच्या कलम 13 खाली न्यायदंडाधिकारी मनाईहुकूम देऊ शकतात, आणि तो डावलून लावलेलं लग्न मुळातच रद्दबातल ठरतं. मुलीचं नाव पुढे न येता हे कसं करायचं, ते कक्षातल्या लोकांकडून समजून घ्या. त्यांच्याबरोबर एखादा दिवस काढलात तर पुष्कळ कळेल.

मुकादमाशी दिवाळीनंतर बोलून उपयोग नाही. उचल वाटली जाते त्याच्या आधी, पावसाळ्यात बोला. मुलीचं नाव न घेता, आणि कायद्याचा धाक न घालता. कुणाची मुलं मागे राहणार, त्यांना कोण बघणार, एवढंच विचारा. ही यादी त्याच्याइतकी कुणाकडे नसते. आज्यांची बैठक शाळेत बोलावू नका, त्या खुर्चीवर अवघडून बसतात. वसतिगृहाच्या ओट्यावर घ्या.

आणखी एक. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात किशोरवयीनांसाठी 'मैत्री' क्लिनिक असतं, तिथला समुपदेशक शोधा. काम तुमच्यासारखंच, एकटेपणही तुमच्यासारखंच. आणि तुमच्या मनावर ताण आला तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा 14416 तुमच्यासाठीही आहे.

धागाकर्तीचं उत्तर

दादा, मनापासून आभार. पावसाळ्यात मुकादमाला भेटायचं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमचा सगळा कार्यक्रम वसतिगृहं सुरू झाल्यावर आखला जातो. 'मैत्री'मध्ये या आठवड्यात जाऊन येते.

बीड, जालना, परभणी, अहिल्यानगर भागातल्या शाळांत किंवा आश्रमशाळांत समुपदेशन करणारं कुणी हे वाचत असेल तर कृपया व्यक्तिगत निरोप करा. शनिवारी शाळा सकाळची असते. महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी फोनवर तासभर बोलू. नाव-गाव न सांगता प्रत्येकाने एक प्रसंग मांडायचा. बालसंरक्षणातल्या कुणी अनुभवी व्यक्तीने अधूनमधून येऊन आमचं कुठे चुकतंय ते सांगितलं तर फारच बरं. दादा, तुम्ही याल का?