केळीच्या पॅकहाऊसची फरशी आणि गाड्यांचं यार्ड: दोन कोटेशनं आलीत, मदत हवी आहे

तापीकाठ:

राम राम मंडळी. फैजपूर-सावदा पट्ट्यात रस्त्याला लागून आमचं शेत आहे. त्यातला तुकडा एनए (बिगरशेती) करून केळीचं पॅकहाऊस उभं करतोय. शेड ६० बाय १०० फूट, पत्रे चढले. आता आतली फरशी आणि समोर तेवढंच यार्ड, दोन्ही काँक्रीटचं करायचंय. आत हॅण्ड पॅलेट आणि अधूनमधून फोर्कलिफ्ट फिरेल. बाहेर दहाचाकी गाड्या, आणि एक्स्पोर्टचा माल निघाला तर ४० फुटी रेफर (माल थंड ठेवणारा) कंटेनर. जमीन अर्थातच काळी. परवापरवापर्यंत तिथे केळीच उभी होती.

पहिला ठेकेदार ओळखीचा. शेडमध्ये ६ इंच ट्रीमिक्स (व्हॅक्यूमने जादा पाणी ओढून केलेली फरशी), यार्डात ८ इंच, मिक्सर जागेवर लावून. कोटेशनमध्ये शब्दशः असं आहे: 'एम २५ (१:२:४)', म्हणजे काँक्रीटची ताकद आणि सिमेंट, वाळू, खडीचं प्रमाण. खाली 'आवश्यकतेनुसार मुरूम'.

दुसरा जळगावहून आरएमसी (प्लांटमध्ये कालवलेलं तयार काँक्रीट) आणणार. एम ३०, दोन्हीकडे ८ इंच, सळयांची डबल जाळी, वर हार्डनर (पृष्ठभाग कडक करणारा थर). मुरूम 'मालकाने भरून द्यावा'. बराच महाग आहे.

दोघंही म्हणतात आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आत उरकू, नंतर मजूर गावाला जातात. वडिलांचा कल पहिल्याकडे, माझा दुसऱ्याकडे, कारण जाडी जास्त. शेजारच्या गावात एका गोडाऊनची फरशी दुसऱ्याच पावसाळ्यात मधोमध फुगून वर आली. शटर अर्ध्यात अडकतं. तसं आपल्याकडे व्हायला नको, बाकी काही नाही. कोणाला घ्यावं?

भरीतपार्टी:

'आखाजीच्या आत' म्हणतोय ना, मग कोणत्या सालची आखाजी ते लिहून घ्या भाऊ.

बाकी जाणकार येतीलच. मी चहा घेऊन बसतो.

साइटवरची:

मी धुळ्याला औद्योगिक शेडची कामं बघते, त्यामुळे थोडं लांबेल.

दोन्ही कोटेशनांत जो भाग सगळ्यात महत्त्वाचा, तोच मोघम ठेवलाय. एकाने 'आवश्यकतेनुसार' म्हटलंय, दुसऱ्याने तुमच्या गळ्यात मारलाय. शेजारच्या गावची फरशी जाडी कमी म्हणून फुगलेली नाही. काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते. आत्ता एप्रिलात तुमच्या बांधावर जा, भेगेत अख्खी मूठ जाईल. या हालचालीपुढे ६ इंच काय आणि ८ इंच काय. ती माती जेवढी निघेल तेवढी काढायची, निदान दोन-अडीच फूट, आणि चांगला मुरूम ६ ते ८ इंचांच्या थरांत भरायचा. प्रत्येक थराला पाणी आणि व्हायब्रो रोलर. एकदम दोन फूट ओतून वरून रोलर फिरवला तर फक्त वरचे काही इंच दबतात. रोलरवाला त्याचे पूर्ण पैसे घेऊन जातो. दाबाई तपासायला फील्ड डेन्सिटी टेस्ट मागा, लॅबमधल्या कमाल घनतेच्या ९५ टक्क्यांच्या वर हवी.

मुरूम म्हणून काय येतंय तेही बघा. मूठभर घ्या, ओला करा, मळा. गोळा होऊन बोटांना चिकटला तर ती माती आहे, गाडी परत पाठवा.

तुमच्या जागेत केळी होती म्हणून एक खास प्रश्न. खुंट काढले का? कंद जमिनीत राहिले तर ते कुजतात आणि जागच्या जागी पोकळ्या राहतात. ठिबकच्या नळ्याही उपटून घ्या.

आता ओळखीच्या माणसाचं कोटेशन. १:२:४ म्हणजे एम २५ नव्हेच, ते एम १५ होतं. नाममात्र प्रमाणात एम २५ म्हणजे १:१:२. आणि आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे घमेली मोजून माल करायची सोय एम २० पर्यंतच आहे, त्याच्या वर डिझाइन मिक्स (लॅबमध्ये ठरवलेलं प्रमाण) लागतं. माणूस लबाड असेलच असं नाही, बऱ्याच जणांच्या छापील फॉर्ममध्ये ही ओळ पिढीजात आलेली असते. पण दर एम २५ चा आणि माल एम १५ चा, हे तुमच्या बाबतीत होऊ नये.

दुसऱ्याचं: शेडमध्ये ८ इंच आणि डबल जाळी मला जास्त वाटते. भराव नीट असेल तर आत ६ इंच पुरतं. जाळी एकच ठेवा, पण वरच्या बाजूला, पृष्ठभागापासून दीड-दोन इंचांवर. आकसण्याच्या भेगा वरून सुरू होतात. मजूर जाळी खाली अंथरतात आणि 'ओतताना आकड्याने उचलू' म्हणतात. कोणी उचलत नाही. खाली चेअर (जाळी उचलून धरणारे टेकू) लावलेले स्वतः बघा, मगच गाडी रिकामी करू द्या.

यार्डात मात्र ८ इंच हवंच. भरलेली दहाचाकी २८ टनांच्या आसपास जाते. त्याहून वाईट म्हणजे कंटेनर लावून घोडा (पुढचं ओढणारं इंजिन) निघून जातो तेव्हा ट्रेलरच्या पुढच्या दोन पायांवर येणारा भार. ते पाय जिथे टेकणार तिथे जाडी १० इंच करा आणि पायाखाली लोखंडी प्लेट ठेवायची सवय लावा.

तापीकाठ:

ताई, खुंट काढले नाहीत. रोटाव्हेटर मारला होता फक्त. शेडच्या कॉलमचे खड्डे घेतले तेव्हा काही निघाले, बाकी तसेच असणार. म्हणजे आता शेडच्या आत जेसीबी घालून खोदायचं?

साइटवरची:

हो. उंची असेल तर छोटा जेसीबी आरामात फिरतो. कॉलमच्या पायांजवळ मात्र जपून, तिथे हाताने.

धुळेकर_भो:

आम्हना कडला सल्ला एकच शे भो. पानी मारानं काम ठेकेदारवर सोडू नको. सांज व्हयनी का तो घर निंघी जास, आनि फरशी रातभर तहानी ऱ्हास.

सगळ्यांना कळेल असं सांगतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या पुढे, वरून झळा. दुपारी ओतलेलं काँक्रीट वरून सुकतं, आत ओलं राहतं, आणि फिनिशिंग व्हायच्या आधीच बारीक भेगा. म्हणून ओतकाम रात्री. खडीच्या ढिगावर दुपारपासून पाणी मारून ठेवा, मिक्सरला सावलीतल्या टाकीचं पाणी द्या, उन्हातल्या काळ्या सिंटेक्सचं नको. ओतताना मालाचं तापमान ४० अंशांच्या आत हवं.

क्युरिंग साध्या सिमेंटलाही अशा उन्हात कमीत कमी १० दिवस. पीपीसी (राखमिश्रित सिमेंट) असेल तर १४ धरा. गोणपाट अंथरून वरून प्लास्टिक, म्हणजे विहिरीचं पाणीही कमी लागतं. केळीला पाळी देता तशी फरशीला पाळी देऊन चालत नाही, ती सतत ओली राहिली पाहिजे.

साइटवरची:

अगदी बरोबर. आरएमसीबद्दल एक राहिलं. जळगावहून तुमच्याकडे गाडी यायला रस्ता आणि भुसावळची गर्दी धरा. पाणी मिसळल्यापासून २ तासांत गाडी रिकामी व्हायला हवी, नाहीतर आधीच सांगून रिटार्डर (माल उशिरा घट्ट व्हावा म्हणूनचं रसायन) घालून घ्यावा लागतो. माल घट्ट झाला की ड्रायव्हर गाडीवरच्या टाकीतलं पाणी सोडतो. तिथे घरचं कोणीतरी उभं करा. ते पाणी सुटलं की एम ३० चे पैसे देऊन तुम्ही काय विकत घेतलं ते कोणीच सांगू शकत नाही.

ट्रीमिक्सचा मुद्दाच जादा पाणी ओढून घेण्याचा आहे. व्हॅक्यूमच्या मॅट टाकून पाणी खेचतात, मग डिस्क, मग पॉवर ट्रॉवेल. त्यानंतरची ग्रूव्ह कटिंग, म्हणजे तडे ठरल्या जागीच जावेत म्हणून कटरने मारायच्या रेघा, वेळेवर हवी. १२ ते १५ फुटांवर चौकोन, खोली जाडीच्या पाव भाग तरी. या हवेत त्याच रात्री किंवा पहाटे कटर चालला पाहिजे. दुसऱ्या दिवशी जेवून आला तर फरशीने आपल्या रेघा आपणच मारून घेतलेल्या असतात. आणि कॉलमभोवती फरशी मोकळी सोडा, मध्ये जॉइंट शीट घालून. कॉलमला चिकटवली की कोपऱ्यातून तडा ठरलेला.

हिशेबवही:

मापाचा हिशेब करून ठेवा, म्हणजे माल कमी-जास्त लगेच कळतो. शेड ६,००० चौरस फूट, ६ इंच: ३,००० घनफूट, म्हणजे ३० ब्रास, सुमारे ८५ घनमीटर. ६ घनमीटरची गाडी धरली तर १४ ते १५ गाड्या. यार्ड ८ इंच म्हणजे ४० ब्रास, ११३ घनमीटर. प्रत्येक गाडीचं चलन आणि वेळ वहीत.

क्यूब (ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे) भरून घ्याच. शेडच्या कामाला ५ नमुने, प्रत्येकी ३ क्यूब. काही ७ दिवसांनी फोडा, बाकी २८ दिवसांनी. १५ सेंटिमीटरचा क्यूब एम २५ चा असेल तर साधारण ५७ टनांपर्यंत तग धरतो. सरकारी पॉलिटेक्निक किंवा इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये विचारा. शेवटचं बिल २८ दिवसांच्या रिपोर्टनंतर, ही अट आधीच लिहून घ्या, नंतर भांडण नको.

जीएसटी १८ टक्के वेगळा लागेल. इमारतीच्या कामाचं इनपुट क्रेडिट सहसा मिळत नाही, त्यामुळे दोन कोटेशनं ताडताना तो खर्चातच धरा. सीएला विचारून घ्या.

चीकट:

मी एका पॅकहाऊसवर कामाला आहे, एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. फण्या धुताना चीक काढायला टाकीत तुरटी टाकतात. ते पाणी दिवसभर सांडतं. तुरटी म्हणजे सल्फेट, वर पाणी आंबट. आमच्याकडे टाकीभोवतीची फरशी वर्षभरात खरबरीत होऊन खडी उघडी पडली, बाकी शेड ठणठणीत आहे. बोटाने खरवडलं तर पांढरट भुकटी येते. त्यामुळे टाकीचा भाग वेगळा काढा. तिथे उतार द्या, शेजारून जाळीची गटार काढा, आणि फरशी पूर्ण वाळल्यावर इपॉक्सी मारा.

आणि तिथे आरशासारखं पॉलिश नको हो. ओल्या फरशीवर केळीची साल पडली की बाई क्रेटसकट घसरते. झाडू फिरवून खरखरीत ठेवा.

साइटवरची:

@चीकट, हा मुद्दा माझ्या ध्यानीमनी नव्हता, आमच्याकडे जिनिंग आणि डाळ मिलची कामं जास्त. बरोबर आहे तुमचं. त्या पट्ट्यात पीपीसी किंवा स्लॅग सिमेंट घ्या, सल्फेटला ती जास्त टिकतात. उतार १०० ला १. गटार एका टोकाला ठेवलीत तर ६० फुटांत ७ इंचांहून जास्त उतार होईल आणि पॅलेट आपोआप पळेल. मधोमध घेतलीत तर दोन्हीकडून साडेतीन इंचांत भागतं.

तापीकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दोन्ही ठेकेदारांना घरी बोलावलं. ओळखीच्याला १:२:४ दाखवलं तर म्हणाला, 'ते फॉर्मवर छापलेलंच आहे, तुम्ही कशाला वाचता.' वडील काही बोलले नाहीत, पण नंतर त्यांनीच दुसऱ्याला चहा विचारला.

आता असं ठरलंय. शेडमधली माती आणि खुंट काढून मुरूम आखाजीच्या आधी. ओतकाम आखाजी झाल्यावर मजूर परतले की रात्री, सावली असल्यामुळे आत जमेल. आरएमसी रिटार्डर घालून, ६ इंच, एकच जाळी, चेअरसकट. त्यामुळे दुसऱ्याचा दर बराच खाली आला. भरावही त्याच्याच कोटेशनमध्ये लिहून घेतला, थर आणि टेस्टसकट. तुरटीची टाकी कोपऱ्यात जाणार होती, ती मधल्या गटारीजवळ घेतली.

यार्डाचं विचारायचं होतं. त्याला छप्पर नाही आणि पैसेही आत्ता तेवढे नाहीत. यंदा फक्त मुरूम भरून दाबून ठेवला, पावसाळाभर त्यावरूनच गाड्या चालवल्या आणि काँक्रीट दिवाळीनंतर केलं तर?

साइटवरची:

उत्तम. भराव बसायचा तेवढा बसेल, जिथे खचेल तिथे कळेल, आणि थंडीत ओतकामाला हवा चांगली. फक्त दोन गोष्टी. पत्र्याचं पाणी पन्हळीने लांब सोडा, यार्डाच्या कडेला मुरवू नका. आणि दिवाळीनंतर वरचा चिखल झालेला थर खरवडून नवा मुरूम घालून पुन्हा रोलर. त्याचे पैसे आत्ताच्या कोटेशनमध्ये वेगळी ओळ करून टाकायला सांगा.

तापीकाठ:

सांगतो. यावल-रावेरकडे चांगला मुरूम कुठल्या खाणीचा मिळतो, कोणी आणला असेल तर कळवा. काल आलेली पहिली गाडी मळून बघितली, बोटांना चिकटली. परत पाठवली.