लेकरांच्या खाऊत साखरेऐवजी गूळ-खजूर घातला की झालं का?

अंबाजोगाईकर

सध्या ज्या त्या ग्रुपवर लेकरांसाठी "शुगर फ्री हेल्दी लाडू" टाकायलेत, आणि उघडून बघितलं की आत वाटीभर खजूर, अर्धी वाटी गूळ, वरून दोन चमचे मध. ह्याला बिनसाखरेचं कसं म्हणायचं? गुळात शंभर ग्रॅममागं ऐंशीच्या आसपास साखरच असते. डब्ल्यूएचओनं (जागतिक आरोग्य संघटना) २०१५ ला सांगून ठेवलंय की दिवसभरात पोटात जाणाऱ्या एकूण कॅलरीतल्या १० टक्क्यांच्या आत वरची, म्हणजे वरून घातलेली साखर पाहिजे, जमलं तर ५ च्या आत, आणि त्यात मध आणि फळांचा ज्यूस पण धरलाय. अमेरिकेतली हार्टवाल्यांची संस्था २ ते १८ वयाच्या लेकरांना दिवसाला २५ ग्रॅमच्या आत म्हणते, म्हणजे चहाचे सपाट सहा चमचे. दोन वर्षांच्या आतल्याला वरची साखर नकोच. आपल्याकडं सीबीएसईनं मे २०२५ मध्ये शाळांना शुगर बोर्ड, म्हणजे कशात किती साखर ते दाखवणारा फलक, लावायला सांगितलं, त्या पत्रात ४ ते १० वयाच्या लेकरांच्या रोजच्या कॅलरीतल्या १३ टक्के साखरेतून येतात असं लिहिलंय. कुठं ५ आणि कुठं १३.

माझं म्हणणं सरळ आहे. चार वाजता लेकरू शाळेतून आलं की त्याला गोडच काहीतरी पाहिजे ही सवय मोडायला पाहिजे, आणि लाडू गुळाचा केल्यानं ती मोडत नाही, उलट पक्की होते. आपल्या मराठवाड्यात तिखट-आंबट-खारट खाऊ काय कमी आहे का? मुरमुऱ्याची सुशीला आहे, धपाटे आहेत, ज्वारीच्या लाह्या, उकडलेल्या शेंगा, हिवाळ्यात हुरडा. हे सगळं सोडून आपण खजुराच्या एनर्जी बॉलच्या मागं का लागायलोत?

कळंबचा_गुऱ्हाळवाला

दादा, गुळाला साखरेच्या रांगेत बसवू नका. आमच्या घरचं गुऱ्हाळ होतं, काकवी आणि भाकरी खाऊन आमच्या घरातली पिढ्यान् पिढ्या लेकरं वाढली, रानात राबली, कुणाला काही झालं नाही. गुळात लोह असतं, साखरेत काय असतं? शेंगदाणा-गूळ हा गरिबाचा खाऊ आहे, तो बंद करून तुम्ही लेकरांना देणार काय, पॅकेटातले चिप्स? आणि बिगरकेमिकलचा काळा गूळ वेगळा अन् बाजारातला पिवळाधमक वेगळा, ते पण बघा की.

जालनेकर_ताई

गुऱ्हाळवाले भाऊ, तुमच्या लहानपणी काकवी होती पण काकवीसोबत दुधात चॉकलेट पावडर, मधल्या सुट्टीत क्रीमचं बिस्कीट आणि संध्याकाळी केक नव्हता, हा फरक आहे. आणि दिवसभर रानात पळणं होतं. गुळातल्या लोहाचं म्हणाल तर सुपारीएवढ्या खड्यात कितीक येणार? लोहासाठी बाजरी, अळीव, हिरव्या पालेभाज्या द्या आणि वर लिंबू पिळा, लिंबातल्या सी व्हिटॅमिननं लोह अंगी लागतं.

एक गोष्ट मात्र मूळ पोस्टमधली मला पटली नाही. खजूर आणि साखर एक नव्हे. अख्ख्या खजुरात चोथा असतो, एखादा खाल्ला तर काही बिघडत नाही. तसंच मोसंबीचं. आमच्या जालन्याच्या मोसंबीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, पण लोक तिचा ज्यूस काढून, वर साखर टाकून लेकराला देतात आणि हेल्दी म्हणतात. सोलून फोडी द्या ना. बीडचं सीताफळ पण गोडच आहे, म्हणून काय ते बंद करायचं?

अंबाजोगाईकर

ताई, अख्खं फळ बंद करा असं मी कुठंच म्हटलं नाही, सीताफळ पोटभर खाऊ द्या. माझा राग लाडवावर आहे. चार-पाच खजूर वाटून त्यात गूळ कालवला की लेकरू दोन घासात संपवतं आणि अजून मागतं. शिवाय ते दाताला चिकटतं. तोंडातले जंतू साखरेवर जगतात आणि आम्ल तयार करतात, साखर कसली आहे ह्याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं, गुळाची चिक्की दाढेत अडकून राहिली की तेवढा वेळ कीड लागायचं काम चालूच. किती खाल्लं ह्याच्याइतकंच दिवसातून किती वेळा खाल्लं हे दातांसाठी महत्त्वाचं आहे, म्हणून येता-जाता गोड चघळणं सगळ्यात वाईट.

नांदेडची_ड्युटीवाली_आई

तुम्ही सगळे बरोबर असाल पण जरा माझ्या घरात येऊन बघा. सात वाजता लेकीची शाळा, नऊला माझी ड्युटी, सासूबाईंचे गुडघे गेलेत, धपाटे कुणी थापायचे? पाच रुपयाचा बिस्कीटपुडा डब्यात टाकला की एक काम कमी होतं हे खरं आहे आणि त्यासाठी मला कुणी वाईट आई म्हणू नये. दुसरं म्हणजे मी मधी लाह्या दिल्या होत्या तर डबा तसाच परत, कारण बाजूच्या मुलीच्या डब्यात केक. घरी कडक राहिलं की लेकरू दुसऱ्याच्या वाढदिवसाला जाऊन अधाशासारखं खातं, हे मी माझ्या पुतण्यात बघायलेय. म्हणून माझं मत, थोडं गोड घरातच देऊन टाकावं, लपवाछपवी नको.

परभणीची_मावशी

नांदेडच्या ताई, तुम्हाला कुणी वाईट म्हणणार नाही, आणि लपवाछपवी नको हे तर लाख बोललात. सणाला पुरणपोळी, वाढदिवसाला केक, खाऊ द्या मनमोकळं. पण बिस्कीट हा रोजचा खाऊ झालाय. पुडा उलटा करून वाचा, बऱ्याच ग्लुकोज बिस्किटांत वजनाच्या पाव भागाच्या आसपास साखरच असते. ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप अशी नावं दिसली तरी ती साखरच धरायची. दुधातल्या पावडरीचं पण तेच, एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारनं ऑनलाइन विकणाऱ्यांना सांगितलं की बोर्नव्हिटासकट असली पेयं "हेल्थ ड्रिंक"च्या रकान्यातून काढा.

सुशीला तर दहा मिनिटांचं काम आहे. मुरमुरे पाण्यात बुडवायचे आणि लगेच घट्ट पिळून काढायचे, राहू दिले की लगदा होतो. तेलात शेंगदाणे आधी तळून घ्यायचे, मग मोहरी, जिरं, कढीपत्ता, हिरवी मिरची, कांदा, हळद, त्यावर मुरमुरे, मीठ आणि डाळ्याचं कूट मूठभर. कुटानं ओलसरपणा शोषला जातो आणि मुरमुरे सुटे होतात. शेवटी लिंबू, कोथिंबीर. लेकराला तिखट नको असेल तर मिरचीचे मोठे तुकडे टाकून काढून घ्या. थंड झालं तरी खाता येतं, म्हणजे डब्याला पण चालतं.

एक काळजी सगळ्यांनीच घ्या. चार-पाच वर्षांच्या आतल्या लेकराला अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात. त्यांना कूट करून द्या. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवणं बंदच करा, आजी काहीही म्हणू द्या, त्यातून बोट्युलिझम नावाची जिवावरची विषबाधा होऊ शकते.

कळंबचा_गुऱ्हाळवाला

मावशी, दाताचं आणि बिस्किटाचं मान्य. पण हिवाळ्यात तीळगूळ, शेंगदाण्याचा लाडू खाल्लाच पाहिजे ह्यावर मी ठाम आहे. लाडू सुपारीएवढा करा, दिवसाला एक, जेवणासोबत. एवढ्यानं कुणाचं लेकरू बिघडत नाही, आणि ते बंद केलं तर ऊसवाल्यानं तरी काय करायचं?

अंबाजोगाईकर

जेवणासोबत एक लाडू असेल तर माझी ना नाही, भाऊ. फक्त त्याला बिनसाखरेचा म्हणू नका आणि चार वाजताची भूक त्याच्यावर काढू नका. ऊसवाल्याचं पोट लेकराच्या डब्यावर चालावं हे मात्र मला पटत नाही.

नांदेडची_ड्युटीवाली_आई

रविवारी सुशीला करून बघते. पण डब्यात केक आणणाऱ्या बाकीच्या लेकरांचं काय? शाळेनं सगळ्यांना एकच नियम लावल्याशिवाय एकट्या आईला हे जमत नाही, माझं हेच म्हणणं आहे.

जालनेकर_ताई

आमच्या शाळेच्या पालकसभेत हाच विषय काढणार आहे. वाढदिवसाला वर्गात केक-चॉकलेट वाटण्याऐवजी पेरू नाहीतर बोरं वाटा म्हणून. कुणाच्या शाळेत असा नियम असेल तर कसा लिहिलाय ते इथं टाका, मला दाखवायला पाहिजे.