गच्चीवरचं घडीचं हरितगृह

सेक्रेटरी: शेजारच्या शाळेच्या बाईंचा फोन होता. पोरांच्या बागेचं हरितगृह मेअखेरपर्यंत आपल्या गच्चीवर, शाळा उघडली की तिकडच्या मैदानात. गच्चीला एकही भोक पाडायचं नाही. वॉटरप्रूफिंग आत्ताच केलंय.

बी-४०२: भोक नको तर वजन हवं. चार कोपऱ्यांना २० लिटरचे पाण्याचे कॅन बांधा. ८० किलो झाले. हलवायचं तेव्हा पाणी झाडांना.

सी-२०१: काका, वळवाचा वारा ८० किलोला जुमानत नाही हो. गेल्या मेमध्ये आमच्या टाकीचं झाकण पार्किंगमध्ये सापडलं.

डी-५०४: म्हणून बाजू मोकळ्या ठेवा, वारा आरपार जाऊ दे. मावळात गुलाबाच्या पॉलिहाऊसवर ४ वर्षं काढलीत मी. आपल्याकडे प्रश्न थंडीचा नाही, उकाड्याचा. पारा ३५ च्या वर गेला की टोमॅटोची फुलं गळायला लागतात आणि बंद प्लॅस्टिकच्या कागदाखाली तर भट्टीच. आत्ता वर ५० टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी, हिरवी शेडनेट टाका, पावसात ती काढून २०० मायक्रॉनचा कागद. सांगाडा एक, कपडे दोन.

ए-१०३: पण ताई, मी पीव्हीसीचे पाईप बघून आलोय 🙈

डी-५०४: घेतले नाहीस ना? पीव्हीसी तापतो, आणि जिथे टेकतो तिथेच कागद आधी तडकतो. बांबू घे. बोरिक-बोरॅक्सच्या पाण्यात मुरवलेलाच, नाहीतर भुंगा लागून खाली पीठ पडत राहतं. कागद विकत आणू नका. आमच्या जुन्या मालकांनी पॉलिहाऊसचा उतरवलेला कागद ठेवलाय, फाटकं सोडून ६ फुटी तुकडे सहज निघतील.

सेक्रेटरी: वर नेणार कसं?

ए-१०३: तेच. गच्चीचं दार अडीच फूट. छताची चौकट ४ बाय ६.

बी-४०२: मधोमध बिजागऱ्या लावा. घडी घातली की २ फूट. जिन्याच्या वळणावर उभी धरायची. मी तिथून दिवाण नेलाय.

सी-२०१: तो दिवाण नेताना भिंतीचा रंग गेला तो अजून तसाच आहे, काका.

खजिनदार: गणपतीच्या शिलकीला हात लावायचा नाही, आधीच सांगतो.

बी-४०२: बिजागऱ्या माझ्याकडून.

ए-१०३: शाळेत बाई पालक आणि मेथी लावणार म्हणतायत.

डी-५०४: मेथी जूनमध्ये? पहिल्या झडीत कुजेल. आधी मिरची-वांग्याची रोपं करू द्या पोरांना.

बी-४०२: बांबूवाल्याला मी फोन केलाय, रविवारी सकाळी टेम्पो येईल. गेटजवळ गाड्या लावू नका.

सी-२०१: ती पांढरी स्कूटर कुणाची आहे? १५ दिवस तिथेच आहे.