नोटा एक नंबरला आला तर?

शिंदे (ब-२०२): *फॉरवर्डेड* नोटाला (मशीनवरचं 'वरीलपैकी कुणीच नाही' हे बटण) सगळ्यात जास्त मतं पडली तर निवडणूक रद्द होते अन् सगळ्या उमेदवारांवर ५ वर्षं बंदी येते. सगळ्या ग्रुपवर पाठवा 🙏

ओंकार: शिंदे काका, सकाळी सकाळी 😀

कुलकर्णी सर (अ-१०१): कायबी फॉरवर्ड करायलेत लोकं. विधानसभेला, लोकसभेला नोटा कितीबी पुढं गेला तरी उमेदवारांत ज्याला जास्त मतं, तोच निवडून येतो. आपल्या शेजारचंच बघा की. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दोन नंबरला होता. २७,५०० मतं!

शिंदे (ब-२०२): हौ सर, आमचं गाव रेणापूरकडंच. पण एक नंबरला असता तर?

कुलकर्णी सर: तर त्याच्या खालचा आमदार झाला असता. मत मोजतात, पण नोटा काही उमेदवार नाही. २०१३ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं तेव्हा हे बटण आलं. त्याआधी 'मला मत द्यायचं नाही' असं बूथवर नोंदवून सही करावी लागायची. समोर सगळे पोलिंग एजंट बसलेले. गुपित काय राहणार, डोंबल?

मनीषा ताई (क-३०४): पण सर, महापालिकेला फेरनिवडणूक होते असं मी वाचलंय. तेपण खोटं का?

कुलकर्णी सर: नाही ताई, ते खरं आहे. तिथंच सगळ्यांचा घोळ होतो. आमदार-खासदाराची निवडणूक भारत निवडणूक आयोग घेतो. महापालिका, नगरपालिका राज्य निवडणूक आयोगाकडं. राज्य आयोगानं २०१८ ला आदेश काढला की नोटा पहिला आला तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यायची. दुसऱ्यांदाही नोटाच पुढं, तर मग उमेदवारांतला पहिला विजयी. शिंदेंचा मेसेज अर्धा इथला दिसतोय. बंदीचं शेपूट कुणीतरी चिकटवलंय.

सचिव: टँकर आलाय. मोटार ११ ला चालू होईल. क विंगनं नळ बंद ठेवा.

ओंकार: सर, डिपॉझिटचा हिशोब नोटा धरून करतात का?

कुलकर्णी सर: नाही, धरत नाहीत. डिपॉझिट वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पाहिजेत. समज १,८०,००० वैध मतं झाली, तर ३०,००० ओलांडायला लागतात. बरोबर ३०,००० पडली तरी अनामत गेली. विधानसभेला १०,००० भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला निम्मे.

शिंदे (ब-२०२): १०,००० गेले तर गेले. गावात पाच वर्षं 'डिपॉझिट गेलेला' म्हणतात ते जास्त झोंबतं.

मनीषा ताई: सर, अजून एक. गेल्या खेपेला आमच्या सासूबाईंना बूथवर सांगितलं, तुमच्या नावावर मत होऊन गेलंय. बिचाऱ्या उन्हातून तशाच परत आल्या.

कुलकर्णी सर: परत यायलाच नको होतं! याला टेंडर वोट म्हणतात, कागदावर 'प्रदत्त मत'. ओळख पटली की केंद्राध्यक्षानं कागदी मतपत्रिका द्यायची. मी केंद्राध्यक्ष असताना एका आजीला दिली होती. मतपत्रिकेच्या पाठीमागं तसं लिहायचं, यादीत त्यांची सही किंवा अंगठा घ्यायचा, आजींनी फुलीचा शिक्का मारला की घडी घालून वेगळ्या लिफाफ्यात. मशीनला हात नाही. आजी विचारायल्या, "बटन नाही का दाबायचं?" माझ्यापेक्षा त्याच निवांत होत्या.

मनीषा ताई: मग ते मत मोजतात?

कुलकर्णी सर: मोजणीच्या दिवशी नाही. लिफाफा बंदच राहतो. निकालाला कोर्टात आव्हान दिलं अन् फरक चार-दोन मतांचा असला, तर तो उघडायची पाळी येते. पण आपण आलो होतो याची नोंद तर राहते ना.

शिंदे (ब-२०२): फॉरवर्ड डिलीट केला बरं का. आता आपल्या कमिटीच्या निवडणुकीला नोटा ठेवा.

चेअरमन: ठेवू की. आधी फॉर्म तर भरा कुणी. दर वेळी बिनविरोधच होतंय.

मनीषा ताई: नोटीस कुठं लावली होती?

सचिव: लिफ्टमध्ये.

ओंकार: लिफ्ट तीन महिने बंद आहे 🙄