मसाई पठारावर तीन बोटांचा खळगा घावलाय, डायनासोरचा ठसा असंल का?

पन्हाळ्याचा_वारा:
काल पन्हाळ्यावरनं मसाई पठारावर चालत गेलतो, पाऊस नुकताच उघडलेला, आणि एका सपाट दगडावर पाणी साचलेला खळगा दिसला, पुढं तीन बोटं, मधलं लांब, मागं टाचेसारखं, माझ्या वितीपेक्षा जरा मोठा. दगड लालसर, भोकाभोकाचा. खरे ठसे ओळखायचे कसे? रात्री झोप नाही लागली.

खडकवेडा:
भावा, आधी खडक बघायचा, खळगा नंतर. लालसर भोकाभोकाचा म्हंजे जांभा, घराला चिरे वापरतात तोच. बेसॉल्ट झिजून झिजून जांभा होतो आणि आपल्याकडचा बेसॉल्ट म्हंजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. ठसा उठायला ओला चिखल नायतर वाळू लागते, वर दुसरा थर बसून सगळ्याचा दगड व्हावा लागतो. जैसलमेरजवळ थईयात गावाला २०१४ ला तीन बोटांचे ठसे मिळाले ते वाळूच्या खडकात. जांभ्यातली मऊ माती पावसानं धुऊन जाते, तीन खळगे एकमेकांना चिकटले की बोटं दिसतात.

नदीकाठची_ताई:
पूर ओसरल्यावर पंचगंगेच्या काठाला गाळात बगळ्याची पावलं बघ, पक्षी डायनासोरांचेच वंशज, त्यामुळं सराव एकदम चांगला होतो. पाय रुततो तिथं कडेचा गाळ फुगून वर येतो, दगडातल्या ठशालाही कधी कधी अशी कड असते. आणि एकट्या खळग्यावर विश्वास नको, डावा-उजवा-डावा असं एका मापात पुढं जायला पाहिजे. मांसाहारी डायनासोरची बोटं निमुळती, टोकाला नखाची खूण, आणि सॉरोपॉडचा, म्हंजे लांब मानेच्या चार पायांवर चालणाऱ्या शाकाहारी डायनासोरचा, मागचा पाय मोठा गोलसर, पुढचा छोटा चंद्रकोरीसारखा. फोटो सकाळी नायतर संध्याकाळी काढ, तिरपं ऊन असलं की सावलीत आकार उठून दिसतो, शेजारी मोजपट्टी ठेव आणि अगदी वरनं काढ. छिन्नी हातोडा मात्र लावू नको, खरा ठसा असला तरी जागेवरनं हलवला की निम्मी माहिती गेली.

पन्हाळ्याचा_वारा:
आज सकाळी परत जाऊन आलो. पुढं मागं दहा-दहा पावलं शोधलं, जोडीचा एक नाही. पण दोन बोटांचे, पाच बोटांचे, नुसते गोल असले खळगे ढीगभर, आणि माझ्या त्या ‘टाचेत’ अजून लाल माती चिकटलेली, बोटानं उकरली तर निघाली. वाईट वाटलं खरं. ताई, रविवारी पट्टी घेऊन घाटावर येतो, बगळे किती वाजता असतात तिथं?