कथा सुटत नाही, लढाई सोसवत नाही : फायनल फँटसी फोर्टीन पुढे खेळावा का?

खानापूरकर

गेल्या जूनपासून मी फायनल फँटसी फोर्टीन हा ऑनलाइन खेळ खेळत आहे. खानापूर तालुक्यात पाऊस एकदा लागला की संध्याकाळी घराबाहेर करण्यासारखे फारसे उरत नाही, आणि या खेळाची मोफत चाचणी आवृत्ती ७०व्या पातळीपर्यंत कालमर्यादेशिवाय खेळता येते, एवढ्याच कारणाने मी सुरुवात केली होती. आता हेवन्सवर्ड या पहिल्या विस्तारात इश्गार्ड नगरीपर्यंत आलो आहे. ड्रॅगन आणि इश्गार्ड यांच्यातील हजार वर्षांच्या युद्धाच्या कथेने मला इतके धरून ठेवले आहे की संवादांतील जुन्या वळणाची इंग्रजी कळावी म्हणून मी शेजारी शब्दकोश उघडून बसतो. मराठी माध्यमात शिकल्याचा हा एक दंड.

अडचण प्रत्यक्ष खेळण्याची आहे. लढाई म्हणजे अडीच अडीच सेकंदांनी ठरलेल्या क्रमाने बटणे दाबणे, आणि लढाई नसेल तेव्हा एकाचा निरोप दुसऱ्याला पोहोचवण्यासाठी धावणे. ५०व्या पातळीपासून हेवन्सवर्ड सुरू होईपर्यंतची कामे तर मी हमाली समजून उरकली. त्यात चार जणांच्या डंजनमध्ये, म्हणजे एकत्र लढत पार करायच्या भुयारासारख्या टप्प्यात, शिरल्यावर घरची वीज गेली की उरलेले तिघे माझ्यामुळे ताटकळतात, याचा संकोच वेगळाच. कथेसाठी हे सोसत राहावे, की पुढचे सारे प्रसंग व्हिडिओवर पाहून मोकळे व्हावे? ज्यांनी हा प्रश्न सोडवला आहे त्यांनी कृपया लिहावे.

निपाणीकर

आधी विजेचा प्रश्न घेऊ, कारण तो सुटण्यासारखा आहे. ड्यूटी सपोर्ट नावाची सोय २०२२ मध्ये आली आणि पुढे टप्प्याटप्प्याने वाढत गेली. तिच्यामुळे मुख्य कथेतील चार जणांची डंजन्स संगणकाने चालवलेल्या सोबत्यांना घेऊन पार करता येतात. ते सोबती सावकाश लढतात, पण वीज गेली म्हणून कोणी ताटकळत नाही. एकट्याने लढायच्या कथाप्रसंगांत एकदा हरल्यावर पुढच्या प्रयत्नासाठी सोपी पातळी निवडता येते. मी काही वेळा मुद्दाम हरलो आहे आणि त्यात मला कमीपणा वाटलेला नाही. आठ जणांच्या लढायांना मात्र बहुतेक वेळा माणसेच लागतात, पण त्या लवकर आटोपतात.

दुसरी गोष्ट, भारतात या खेळाचे डेटा सेंटर नाही. जपान, उत्तर अमेरिका, युरोप आणि ओशियानिया एवढ्यांतूनच निवड करावी लागते. शत्रूचा मारा कुठे पडणार हे दाखवणाऱ्या जमिनीवरच्या केशरी खुणेतून वेळेत बाहेर पडूनही मार बसत असेल तर तो दोष आपल्या बोटांचा नसून अंतराचा आहे, हे लक्षात असू द्यावे. आपण भालाईत, म्हणजे जवळ जाऊन लढणारे, असाल असा माझा अंदाज आहे. याच पात्राला दुसरा जॉब, म्हणजे लढण्याचा दुसरा पेशा, घेता येतो, आणि इश्गार्डमध्ये पोहोचल्यावर मिळणारा मशिनिस्ट ३०व्या पातळीपासूनच सुरू होतो. तो दुरून बंदूक चालवतो, त्यामुळे धावता धावता मारा करता येतो. त्याला वर आणण्यासाठी काही संध्याकाळी जातील, हे खरे.

शहापूरची वाचक

निपाणीकरांचा सल्ला उपयोगी आहे, परंतु कथा आणि खेळणे एकमेकांपासून निवडून काढता येतात हे दोघांनीही गृहीत धरले आहे, ते मला पटत नाही. या खेळाच्या बाबतीत तर मुळीच नाही. २०१० साली तो प्रथम आला तेव्हा खेळायला इतका अवजड आणि कंटाळवाणा होता की स्क्वेअर एनिक्स या कंपनीला जाहीर माफी मागावी लागली. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये सूत्रे नाओकी योशिदा यांच्याकडे आली, आणि जुन्या खेळाची डागडुजी चालू ठेवूनच त्यांच्या चमूने नवा खेळ बांधायला घेतला. मग जुन्याचे करायचे काय? तो गुपचूप बंद करण्याऐवजी त्यांनी त्याचा अंत कथेतच घडवला. डालामड नावाचा तांबडा चंद्र आकाशात हळूहळू मोठा दिसू लागला, नोव्हेंबर २०१२ मध्ये तो फुटून त्यातून बहामुत हा महाकाय ड्रॅगन बाहेर पडला, जग उद्ध्वस्त झाले आणि सर्व्हर बंद झाले. ऑगस्ट २०१३ मध्ये जे जग पुन्हा उघडले ते त्या प्रलयानंतर पाच वर्षांनीचे. आपण ज्या कथेत गुंतला आहात ती लोकांना नकोशा झालेल्या खेळण्यातूनच उगवलेली आहे.

माझी आजी कीर्तनाला जायची ती आख्यानासाठी. पूर्वरंगातील निरूपण चालू असताना खांबाला टेकून तिचा डोळा लागे, आणि बुवांनी उत्तररंग सुरू केला की ती ताठ बसे. तरीही थेट उत्तररंगालाच जाऊ असे मी सुचवले की ती रागावत असे, कारण आख्यान ज्या अभंगाभोवती फिरते तो अभंग, झोपेत का होईना, कानावरून गेलेला असावा लागतो. आपल्याला पुढे ड्रॅगनांच्या प्रदेशातून पायी प्रवास करायचा आहे. आपल्यासोबतचा, लाडात वाढलेला आल्फिनो त्या वाटेवर सरपण गोळा करायला शिकतो. व्हिडिओवर तो प्रसंग गंमतीचा वाटेल. परंतु आपणही तीच वाट तुडवून कंटाळलेले असलात तर शेकोटीपाशी बसणाऱ्यांत आपणही असता.

५०व्या पातळीनंतरच्या हमालीचे समर्थन मात्र मी करणार नाही. कंपनीने स्वतःच २०२० मध्ये त्या भागाची काटछाट केली. आपण तुडवली ती काटछाटीनंतरची वाट आहे, हे वाचून आपल्याला बरे वाटणार नाही, याची मला कल्पना आहे.

गोकाककर

व्हिडिओ पाहावेत. शॅडोब्रिंगर्स या तिसऱ्या विस्ताराची संपूर्ण कथा मी मोबाइलवर पाहिली आणि रडायचे ते रडलो; बटणे दाबली असती तर अधिक रडलो असतो, असे मला वाटत नाही. हीच कंपनी कथा वगळून पुढे नेणारी वस्तू पैसे घेऊन विकते. म्हणजे ज्यांना लढाई हवी आणि कथा नको, त्यांची सोय आहे. उलट बाजूच्या लोकांसाठी तशी वस्तू दुकानात नाही, म्हणून आपण ती आपल्या हाताने करून घेतली, एवढेच.

शहापूरची वाचक

गोकाककर, आपण शॅडोब्रिंगर्स पाहिलात, पण त्याआधीचे तिन्ही भाग खेळून झाल्यावर पाहिलात, हे आपण मागे एकदा इथेच लिहिले होते.

गोकाककर

लिहिले होते. तेवढे खेळून झाले होते म्हणूनच रडू आले असेल, हे नाकारत नाही.

खानापूरकर

सर्वांचे आभार. काल ड्यूटी सपोर्टने एक डंजन पार केले. मध्ये वीज गेली, सारे पहिल्यापासून करावे लागले, तरी कोणाची क्षमा मागावी लागली नाही, आणि या खेळात प्रथमच मी भिंतीवरची चित्रे थांबून पाहिली. लढाई अजूनही आवडत नाही. मशिनिस्ट घेतला आहे, तो ३४व्या पातळीवर आहे, आणि तो वर येईपर्यंत कथा थांबवावी की भाला घेऊनच पुढे जावे याचा निर्णय रोज रात्री बदलतो. आठ जणांच्या लढाईसाठी पाऊस नसलेली रात्र राखून ठेवली आहे. आल्फिनो सरपण गोळा करतो हे आता कळलेच आहे. त्यापुढचे कृपया कोणी लिहू नये.